वजनाचं इंजेक्शन घ्यायचंय? आधी हे सांगा, मग भाव विचारा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर वजन कमी करण्याच्या या इंजेक्शनबद्दलचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. पहिला, "केवढ्याला?" दुसरा, "महिन्यात किती किलो?" तिसरा, "पोटावर घ्यायचं की दंडावर?" आणि "मला चालेल का?" हा प्रश्न आलाच तर अगदी शेवटी, क्यूआर स्कॅन करता करता. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुम्हाला चालेल की नाही हे मी ठरवणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय गोळा करून न्यायचं आणि औषध हातात आल्यावर काय सांभाळायचं, हे रोज सांगून सांगून तोंडपाठ झालंय. तेच इथे लिहिते, क्रम उलटा करून.

मध्यंतरी एक ताई आल्या. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर. मोठ्या जाऊबाईंनी इंजेक्शन घेऊन अकरा किलो उतरवलेले, आणि त्यांच्या पेनात दोन डोस शिल्लक. "तेच घेऊ का? फक्त सुया द्या." मी विचारलं, रोजच्या गोळ्या काही चालू आहेत का? "छे गं, काही नाही. शुगरची एक छोटीशी गोळी आहे तेवढी." ती छोटीशी गोळी होती ग्लिमेपिराइड. सुया दिल्या नाहीत. का ते पुढे येईलच.

आधी औषध काय आहे ते थोडक्यात. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला "बास" म्हणून सांगतं, जठरातलं अन्न सावकाश पुढे सोडतं आणि साखर वाढली असेल तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शरीरातलं हे हार्मोन काही मिनिटांत विरून जातं. औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते. सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोवी) हे असं औषध. टिर्झेपाटाइड (मौंजारो) जीएलपी-१ बरोबर जीआयपी या आणखी एका हार्मोनचंही काम करतं. म्हणजे ही चरबी जाळणारी औषधं नाहीत, भूक कमी करणारी आहेत. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतील. (या घराण्यातलं पहिलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा शोध गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून लागला होता. काउंटरवर हे सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरकतात.)

पहिली पायरी: टेप आणि वजनकाटा

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीने दोनदा भागा, की बीएमआय आला. १५८ सेंटिमीटर उंची आणि ६८ किलो वजन असेल तर बीएमआय साधारण २७.२. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. फोटोसाठी ओढतो तसं तर मुळीच नाही.

वजनासाठी ही औषधं मंजूर आहेत ती बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्यांना, किंवा २७ किंवा जास्त असून सोबत मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं असं काही असलेल्यांना. आपल्या लोकांसाठी डॉक्टर मात्र वेगळे आकडेही धरतात: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत. त्यामागचं कारण पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, हा आपल्याकडचा ओळखीचा नमुना. म्हणून काट्यावरचा आकडा बरा दिसला तरी तपासणी टाळू नका.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. बीएमआय २२ आहे आणि शालूचा ब्लाउज बसत नाही, यावर उपाय शिंप्याकडे आहे. ज्यांना वैद्यकीय गरज नाही त्यांना या औषधाचा फायदा थोडा आणि त्रास मात्र पुरेपूर.

दुसरी पायरी: "नाही" कुठे म्हणायचं

सगळ्यात जास्त गोंधळ थायरॉइडचा. "मला थायरॉइड आहे, म्हणजे मला चालणार नाही ना?" बहुतेकांना जो असतो तो हायपोथायरॉइडिझम, सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची तो. त्यासाठी या इंजेक्शनला मनाई नाही. मनाई आहे ती मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर नावाच्या दुर्मिळ कॅन्सरसाठी. तुम्हाला किंवा घरात कुणाला तो झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर हे औषध नको. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या, त्यावरून हा इशारा आला. तेव्हा आत्याच्या किंवा मामाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं असं घरात बोललं जात असेल तर ते नेमकं कशाचं होतं हे फोन करून विचारा. "गळ्याची गाठ" एवढ्यावर भागत नाही.

गरोदरपणात नाही. पुढच्या काही महिन्यांत मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी आणि टिर्झेपाटाइड निदान एक महिना आधी थांबवावं लागतं. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते: टिर्झेपाटाइड चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा. पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) असलेल्या मुलींनी तर विशेष लक्षात ठेवा. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी परत येते, आणि "मला काही होत नाही" हा समज अशा वेळी महागात पडतो.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील, जठर मुळातच सावकाश रिकामं होण्याचा त्रास असेल, टाइप १ मधुमेह असेल, तर हे न विचारताच डॉक्टरांना सांगा. खाऊन मुद्दाम उलटी काढणं किंवा दिवसच्या दिवस उपाशी राहणं असं कधी केलं असेल तर तेही सांगा. लाज वाटते, कळतं. पण भूक मारणारं औषध अशा माणसाच्या हाती लागणं धोक्याचं.

तिसरी पायरी: गोळ्यांची पिशवी

चालू असलेली प्रत्येक पट्टी एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नावं तोंडी सांगू नका. "पांढरी, अर्धी रेघ असलेली" यावरून आम्ही वीस वर्षं डोकं खाजवतोय. आयुर्वेदिक चूर्ण, जिमवाल्याने दिलेली पावडर, सगळं त्यात.

आता त्या ताईंची गोळी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही औषधं आणि इन्सुलिन, तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका, साखर खाली ओढतातच. त्यात इंजेक्शनने जेवणच निम्म्यावर आलं, की साखर ७० च्या खाली घसरते: घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गडबड, आणि झोपेत झालं तर कुणाला कळतही नाही. म्हणून इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर बहुधा या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करतात. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नाही. फरक गोळीच्या नावात आहे, आकारात नाही.

बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. वजन आणि पाणी कमी झालं की जुना डोस जास्त होतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्त गोठण्याची तपासणी लवकर लवकर करावी लागते. वजन बरंच उतरल्यावर थायरॉइडच्या गोळीचा डोसही पुन्हा पाहावा लागतो.

चौथी पायरी: तपासण्या

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हरच्या तपासण्या, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडसाठी). खड्यांचा संशय असेल तर सोनोग्राफी. मधुमेह जुना असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या. साखर फार झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो.

डॉक्टर कोणता? शक्यतो एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे तज्ज्ञ) किंवा एमडी फिजिशियन. तीन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर वजन न मोजता चिठ्ठी मिळत असेल तर ती चिठ्ठी नव्हे, पावती आहे.

पाचवी पायरी: विकत घेणं आणि घरी आणणं

आता भाव. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चार. वेगोवी जून २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, म्हणजे त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त औषधांना वाट मोकळी. पण स्वस्त पर्याय आले की नकलाही येतात. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच जगभर इशारा दिला होता.

म्हणून चार गोष्टी अडून राहून करा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बॅच नंबर असलेलं बिल मागा. देताना दुकानदार कां-कूं करत असेल तर उलट पावली बाहेर या. पेन तुमच्यासमोर फ्रिजमधून निघालं पाहिजे, काउंटरवरच्या शोकेसमधून नव्हे. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ किंवा कण असलेलं घेऊ नका. ब्यूटी पार्लर, जिम, इन्स्टाग्रामवरचं "दुबईहून आणलेलं" हे सगळं वर्ज्य. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

घरी २ ते ८ अंश. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरच्या पोटाला चिकटून नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचं, कितीही जीव तुटला तरी. बहुतेक पेनं आणि कुप्या ३० अंशांपर्यंत काही दिवस बाहेर टिकतात (मौंजारोची कुपी २१ दिवस, बाकीच्यांचं खोक्यातल्या पत्रकात पाहा). पण हे ३० अंश नागपूर-जळगावच्या मे महिन्यातले नाहीत, हे पत्रकात लिहिलेलं नसतं. प्रवासात थर्मास पिशवी आणि बर्फाचं पाकीट, पण पाकीट आणि पेन यांच्यामध्ये जाड टॉवेल. थेट बर्फाला लावून गोठवलेली पेनं मी दोनदा पाहिली आहेत, दोन्ही लग्नाच्या प्रवासातली.

सहावी पायरी: टोचणं

आठवड्यातला एक वार ठरवा. पोटावर बेंबीपासून चार बोटं सोडून, मांडीवर किंवा दंडावर. दर वेळी जागा बदला. पेन असेल तर दर वेळी नवी सुई. बटण दाबल्यावर पत्रकात सांगितलंय तितके सेकंद सुई आतच ठेवा. पेन कुणाशीही वाटून घेऊ नका. सुई बदलली तरी नाही, नवऱ्याशीही नाही, जाऊबाईंशीही नाही. टोचताना रक्ताचा अंश मागे पेनात जाऊ शकतो.

कुपी असेल तर जास्त सावध राहा. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. अर्धा मिलिलीटर म्हणजे यू-१०० वर ५० ची रेघ, आणि यू-४० वर २० ची. मैत्रिणीने "वीस युनिट घे" सांगितलं आणि तुमच्या हातात दुसरी सिरिंज असली, तर डोस अडीच पटीने चुकतो. म्हणून युनिटमध्ये बोलूच नका. "किती मिलिग्रॅम, किती मिलिलीटर, कोणती सिरिंज" हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा आणि पहिला डोस त्यांच्यासमोर घ्या.

डोस हळूहळू चढतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमवर चार आठवडे, मग ०.५, १, १.७ आणि २.४, टिर्झेपाटाइड २.५ वर चार आठवडे, मग ५, आणि गरज पडली तर पुढे १५ पर्यंत. पहिल्या महिन्यात वजन फारसं हललं नाही तर घाबरू नका, तो डोस शरीराला सवय लावण्यापुरताच असतो. एखादा वार चुकला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत घेता येतं, नाहीतर तो आठवडा सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाही. दोन-तीन आठवडे सुटले असतील तर परस्पर जुन्या मोठ्या डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारा.

वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.

सातवी पायरी: ताट

मळमळ बऱ्याच जणांना होते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत शंभरातल्या ४४ जणांना झाली, बिनऔषधाच्या इंजेक्शनवर असलेल्यांपैकी १७ जणांनाही झाली. बद्धकोष्ठ, जुलाब, सडक्या अंड्याच्या वासाची ढेकर, हेही येतं. लहान घास, लहान ताट, आणि "अजून एक पोळी" म्हणणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवणं. तळलेलं आणि तुपाळ सगळ्यात जास्त छळतं. पंगतीत बसून जिलेबीचा आग्रह घेतलात तर रात्र बाथरूममध्ये जाईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. भूक मेली की आपली माणसं काय सोडतात? वरण, उसळ, अंडं. आणि काय ठेवतात? चहा-बिस्किट. वजन उतरतं पण त्यात स्नायूही जातात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला जिना चढवेनासा होतो. म्हणून ताटात आधी डाळ, मटकी, पनीर, दही, अंडं, मासे किंवा चिकन, आणि पोटात जागा उरली तर भात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती हे डॉक्टरच सांगतील. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, काहीतरी वजनाचा व्यायाम. पाणी, ताक दिवसभर घोट घोट.

उपास? एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, इथे उलटं होतं: आधीच अर्धं जेवण, त्यात निर्जळी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना असे कडक उपास करू नका.

आठवी पायरी: कधी धावायचं

पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ जाते आणि उलट्या थांबत नाहीत: स्वादुपिंड. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. पाणीही ठरत नाही आणि लघवी कमी झाली: मूत्रपिंड. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या नसेला असा अपाय अतिशय क्वचित होतो, असं युरोपच्या औषध नियामकांनी जून २०२५ मध्ये नोंदवलंय. यातल्या कशातही पुढचा डोस घेऊ नका आणि दवाखान्यात गेल्या गेल्या "मी हे इंजेक्शन घेते" हे वाक्य पहिलं बोला. पुष्कळ जण घरच्यांपासून लपवून घेतात, आणि मग बेशुद्ध माणसाच्या वतीने सांगणारं कुणी नसतं. घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आठवडे आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दुष्परिणामांची नोंद तुम्ही स्वतःही करू शकता. औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.

थांबायचं कधी, हे सुरू करण्याआधी

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडवरच्या लोकांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. जाहिरातीत हे आकडे दिसतात. पण त्याच सेमाग्लुटाइडच्या लोकांचं औषध थांबवून वर्षभराने पाहिलं, तर उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं, तसंच हे. त्यामुळे "तीन महिन्यांचा कोर्स" असं काही नसतं. पहिल्या महिन्याचे पैसे आहेत का हे विचारू नका, चोविसाव्या महिन्याचे आहेत का ते विचारा.

त्या ताई डॉक्टरांकडे गेल्या. ग्लिमेपिराइड आधी निम्म्यावर आलं, इंजेक्शन लग्नानंतर सुरू करायचं ठरलं. ऐन हळदीच्या दिवशी मळमळ नको म्हणून. जाऊबाईंचं ते उरलेलं पेन आमच्याकडे टाकायला दिलं.

थांबवायची वेळ आलीच तर परस्पर सोडू नका, कसं थांबवायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा. त्यानंतर दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन किलो परत चढलेले दिसले की दहाव्या किलोची वाट न बघता फोन करा.